लेकरांचे केस, लेकरांचा रंग आणि आपला स्वाभिमान

(धर्माबाद येथे विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, रविवारचा बालवर्ग चालविणाऱ्या भगिनींच्या वतीने झालेले भाषण)



विहाराच्या वर्धापनदिनी केसांवर काय बोलायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात त्यांची चूक नाही. केस हा तेल-फणीचा विषय, आणि विहार हे धम्माचं ठिकाण. पण आम्ही बाया दर रविवारी लेकरांना घेऊन इथं बसतो. वंदना शिकवतो, गाथा पाठ करून घेतो, बाबासाहेबांच्या आठवणी सांगतो. आणि वर्ग सुटल्यावर हीच लेकरं अंगणात खेळायला लागली की एकमेकांना हाका काय मारतात? "ए काळ्या!" "ए झिपरे!" "भुताचे केस आले रे!" पंचशील म्हणून उठलेल्या तोंडातून पाच मिनिटांत हे शब्द निघतात. मग आम्हाला वाटलं, यावर बोललंच पाहिजे.

आमच्या वर्गातली एक लहान मुलगी आईला म्हणाली, "माय, माह्ये केस असे कामून हायत गं? बाकीच्या पोरींसारखे खाली पडत कामून नाहीत?" केस दाट, कुरळे, थोडे राठ. शाळेत नाटकात परी व्हायचं होतं, तर "तुझे केस परीसारखे नाहीत" म्हणून तिला मागच्या रांगेत झाड केलं. तिनं घरी येऊन केसांवर पाणी ओतलं आणि फणीनं ओढून ओढून ते सरळ करायला बसली. सात वर्षांचं लेकरू स्वतःच्या डोक्यावरच्या केसांशी भांडायला लागलं, ही गोष्ट लहान नाही.

हे सुरू कुठून होतं? शाळेला आणि सिनेमाला दोष देणं सोपं आहे. पण बंधू-भगिनींनो, सुरुवात आपल्या घरात होते. बाळंतिणीला भेटायला गेलेली बाई आधी "पोरगा का पोरगी" विचारते आणि लगेच "रंग कसा हाय?" म्हणते. सावळं असलं तर आजी म्हणते, "उजळंल, उजळंल. डाळीचं पीठ लावा." गरोदर सुनेला केशराचं दूध पाजतात, का तर लेकरू गोरं व्हावं. मुलगी दहा वर्षांची झाली की "उन्हात खेळू नको, आणखी काळी पडशील" म्हणतात. मुलगी लग्नाची झाली की स्थळं पाहताना रंगावर अडतं. आपल्याच समाजाच्या वधू-वर परिचयाच्या फॉर्मवर "रंग" असा रकाना असतो आणि त्यात सावळ्या मुलीचा बाप खालमानेनं "गहूवर्णी" लिहितो.

आपण मराठवाड्याची माणसं. गोदावरीच्या काठचं आपलं रान काळं आहे. काळं रान विकायला निघालं तर दहा जण धावतात. काळी म्हणजे कसदार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग काळ्या रानाला भाव जास्त आणि काळ्या लेकीला हुंडा जास्त, हा हिशोब कुणी घातला?

महाडला बाबासाहेब काय म्हणाले

१९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषद झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना वेगळं सांगितलं. लुगडं नेसायची जी पद्धत पाहताच जात ओळखू येते ती सोडा, अंगावरचे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं आणि एका रात्रीत लुगड्याची तऱ्हा बदलली. कारण ती खूण दुसऱ्यांनी लादलेली होती. लादलेली खूण टाकता येते आणि टाकलीच पाहिजे.

पण केसांचा पीळ आणि कातडीचा रंग ही लादलेली खूण नव्हे. ती आपली आहे, आई-बापाकडून, आजी-आज्याकडून आलेली. ती टाकता येत नाही आणि टाकायचं कारणही नाही. तिच्याभोवती जी लाज गुंडाळली आहे ती मात्र दुसऱ्यांनी लादलेली आहे. महाडचा नियम तिथं लावायचा. लाज टाकायची आणि केस ठेवायचे.

सातासमुद्रापलीकडचे आपले भाऊबंद

या लढाईत आपण एकटे नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक, ज्यांचे वाडवडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले गेले, त्यांनी ही लढाई आपल्याही आधीपासून लढली आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढं १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कळवलं की तुमची आणि आमची स्थिती फार सारखी आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढं कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइसनी आपुलकीचं उत्तर दिलं. म्हणजे हे नातं बाबासाहेबांनीच जोडून ठेवलेलं आहे.

या लोकांचे केस दाट, बारीक पिळाचे, डोक्यावर ढगासारखे उभे राहणारे. गोऱ्या मालकांनी त्यांना हेच सांगितलं की तुमचे केस म्हणजे लोकर, हे घाणेरडे. १७८६ साली लुइझियाना प्रांताच्या स्पॅनिश गव्हर्नरनं हुकूम काढला की काळ्या वंशाच्या बायांनी रस्त्यावर केस दाखवायचे नाहीत, फडक्यानं झाकायचे. त्या बायांनी काय केलं? इतक्या रंगीत, इतक्या डौलदार पद्धतीनं ती फडकी बांधली की अपमानाचा हुकूम हाच त्यांचा शृंगार झाला. तरी गुलामी कायद्यानं संपली, लाज संपली नाही. पुढच्या पिढ्यांत तापवलेल्या लोखंडी फण्या आणि कातडी भाजणारी रसायनं लावून आया लेकींचे केस सरळ करीत राहिल्या. त्या आयांना लेकी नकोशा नव्हत्या. सरळ केसांशिवाय शाळेत आणि नोकरीत उभं करणार नाहीत, ही भीती होती. आपली आजी डाळीचं पीठ लावते तेव्हा तिच्याही मनात हीच भीती असते, म्हणून तिच्यावर रागावू नका, तिला समजावून सांगा.

१९४० च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींनी एक प्रयोग केला. लहान काळ्या लेकरांपुढं बाहुल्या ठेवल्या. घडण तीच, फक्त काही गोऱ्या आणि काही काळ्या. यातली चांगली कोणती? बहुतेकांनी गोरी दाखवली. वाईट कोणती? काळी. मग शेवटचा प्रश्न, तुझ्यासारखी कोणती? हे विचारल्यावर काही लेकरं रडली, काही खोलीतून निघून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्या खटल्यात हा प्रयोग पुरावा म्हणून पुढं आला होता. लेकराच्या मनातला कमीपणा न्यायालयानं खरी इजा म्हणून मानला. आपण मात्र "पोरं चिडवतातच की" म्हणून सोडून देतो.

१९६० च्या दशकात त्यांच्या तरुणांनी काळं हेच सुंदर अशी घोषणा दिली आणि केस जसे उगवतात तसे वाढवले. १९६६ साली तिकडं ब्लॅक पँथर निघाली, आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांची दलित पँथर उभी राहिली. नाव तिकडूनच घेतलेलं. आपण त्यांच्याकडून लढाऊ नाव घेतलं, पण डोक्यावरच्या केसांचा स्वाभिमान घ्यायचा राहून गेला. तिकडं ती लढाई अजून चालूच आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत काळ्या मुलींनी केसांवरच्या नियमांविरुद्ध निदर्शनं केली आणि सरकारला लक्ष घालावं लागलं. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला की नैसर्गिक केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. नंतर इतरही राज्यांनी तसे कायदे केले.

आपल्याच मातीतले दाखले

लांब कशाला जायचं? मलिक अंबर हा आफ्रिकेतल्या हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. खडकी गाव त्यानं वसवलं. तेच पुढं औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला त्यानं जमिनीखालून नहरीनं पाणी आणलं, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली, आणि गनिमी काव्यानं मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत अडवून धरलं. बादशहा जहांगीर त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या घालायचा. रणात त्याला हरवता येईना, तेव्हा बादशहानं एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं आणि जहांगीर त्यावर बाण मारतो आहे. खरा मलिक अंबर १६२६ साली म्हातारपणी वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. रंगावर शिवी देणारा माणूस बहुतेक वेळा हरलेला असतो, एवढं लेकरांना या गोष्टीतून सांगा.

अशाच आफ्रिकी वंशाची सिद्दी मंडळी कोकणात जंजिऱ्याच्या इतिहासात आहेत, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडं आजही राहतात. त्यांची बोली कोकणीची, त्यात मराठी-कानडी मिसळलेली. केस आखूड, दाट पिळाचे. २००३ साली त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० साली शांताराम सिद्दी तिथल्या विधान परिषदेवर गेले.

आणि अजिंठा! लेकरांना सहलीला नेलं की पहिल्या लेण्यात थांबा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं काळ्या-सावळ्या राजस्त्रिया किती मायेनं रंगवल्या आहेत ते दाखवा. त्या काळात सावळेपणा झाकायची गरज वाटली नाही. झाकायचं आपण नंतर शिकलो.

धम्म काय सांगतो

आता समोर बघा. आपल्या विहारातल्या बुद्धमूर्तीच्या डोक्याकडं बघा. केस कसे आहेत? बारीक बारीक पिळांचे, गोगलगाईच्या शंखासारखे. निदानकथेत येतं की गृहत्याग केल्यावर अनोमा नदीकाठी सिद्धार्थानं तलवारीनं केस कापले आणि उरलेले दोन बोटं लांबीचे केस उजवीकडं वळून डोक्याला बिलगून राहिले. मूर्ती घडू लागल्या त्या महापरिनिर्वाणानंतर काहीशे वर्षांनी, आणि भिक्खू तर मुंडणच करतात. म्हणून तथागतांचे केस हुबेहूब असेच होते असा दावा आम्ही करीत नाही. पण जगभरच्या शिल्पकारांना बुद्धाचं डोकं घडवताना कुरळे केस शोभले, एवढं तर डोळ्यांपुढं आहे. मग ज्या लेकराच्या डोक्यावर तसेच पीळ आहेत त्याला आपण "भुताचे केस" कोणत्या तोंडानं म्हणतो?

संघातले दाखलेही आहेत. तथागतांना कपिलवस्तूला घेऊन येणारे स्थविर काळुदायी, त्यांचं नावच रंगावरून पडलेलं. ऋद्धीत अग्र ठरलेली भिक्खुणी उप्पलवण्णा, तिचं नाव निळ्या कमळाच्या रंगावरून.

आणि सर्वांत मोठी गोष्ट वासेट्ठ सुत्ताची. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण जन्मानं ब्राह्मण की कर्मानं, हा वाद घेऊन आले. तथागतांनी समजावलं की गवत, झाडं, किडे, पशू, पक्षी यांच्यात जातीजातीच्या खुणा वेगळ्या दिसतात. माणसात तशा नाहीत. आणि एक एक अवयव घेऊन सांगितलं. केसांत नाही, डोक्यात नाही, कानात नाही, डोळ्यांत नाही, रंगात नाही, आवाजात नाही. त्या यादीची सुरुवातच केसांपासून आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगून झालं आहे.

इथं कुणी जाणकार उपासक विचारतील, "शरीर अनित्य आहे, बत्तीस भागांच्या भावनेत पहिलं नाव केसांचंच आहे, मग केसांचा अभिमान शिकवणं हे धम्माला धरून आहे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तरही धम्मातच आहे. मान हे एक संयोजन आहे, मनाला बांधणारी बेडी. पण मान तीन प्रकारचा सांगितला आहे. मी श्रेष्ठ, मी समान, आणि मी हीन. "मी हीन आहे" हीसुद्धा बेडीच! जे लेकरू आरशापुढं रडतं ते शरीरापासून मुक्त नसतं, चोवीस तास त्यातच अडकलेलं असतं. आम्ही लेकरांना "माझे केस सर्वांत चांगले" असं शिकवत नाही. "माझे केस आहेत तसे चांगले आहेत, चला आता अभ्यासाला" एवढंच शिकवतो. आधी लाज सुटू द्या, आसक्ती सुटायची वेळ पुढं येईल.

विज्ञानाचं थोडं

केस सरळ की कुरळे हे त्वचेतल्या मुळाच्या घडणीवर ठरतं. मुळाची नळी गोल आणि उभी असली तर केस सरळ, चपटी आणि वाकडी असली तर कुरळे. रंगाचंही तसंच. मेलॅनिन नावाचं द्रव्य कातडीत असतं. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यात आणि काळ्यात जवळजवळ सारख्याच, द्रव्य कमी-जास्त. हे द्रव्य उन्हाच्या घातक किरणांपासून वाचवतं. मराठवाड्याच्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला निसर्गानं दिलेली ही छत्री आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, लेकराचे काळे केस लालसर, भुरके आणि विरळ व्हायला लागले तर ते कुपोषणाचं लक्षण असू शकतं. तिथं अभिमान नको, दवाखाना पाहिजे. अंगणवाडी ताईला, डॉक्टरला दाखवा आणि डाळ, अंडी, शेंगदाणे पोटात जाऊ द्या. दोन, बाजारातली गोरं करणारी मलमं. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं, कारण गोरेपणाचा शब्द जगभर टीकेचा झाला. काही मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव येते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. केस सरळ करायच्या रसायनांचंही तेच. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अशी रसायनं वारंवार वापरणाऱ्या बायांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं.

आणि जट! आपल्या सीमाभागात कुरळ्या दाट केसांत गुंता झाला, विंचरला नाही, की "देवीची जट आली" म्हणतात. मग कात्री लावायची नाही. कितीतरी मुलींना याच जटेपायी यल्लम्माला सोडलं गेलं आणि त्यांचं आयुष्य मातीमोल झालं. त्या मुली बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. मुली देवाला सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदा झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव जटा सोडवतात. जट म्हणजे गुंता, दुसरं काही नाही. आठवड्यात दोनदा नीट विंचरलेल्या डोक्यात देवी येत नाही.

आपण काय करायचं

कुरळे केस मुळात कोरडे असतात, कारण डोक्यातलं तेल पिळावरून टोकापर्यंत उतरत नाही. म्हणून कोरडे ओढू नका. ओले असताना, खोबरेल लावून, रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून सोडवत मुळाकडं या. लेकरू रडणार नाही. आणि विंचरताना तोंडातून काय निघतं तिकडंही लक्ष द्या. "काय झाडू झालाय डोक्याचा" याऐवजी "तुझ्या आजीसारखे दाट हायत गं" म्हणा. हात तोच, फणी तीच, पण लेकरू वेगळं घडतं.

काळ्या, काळे, झिपरे या हाका घरात बंद. लाडातसुद्धा नको. जयंतीच्या नाटकात सिद्धार्थ, यशोधरा, रमाई करायला गोरं लेकरू शोधू नका. ज्याला संवाद पाठ, त्याला भूमिका. शाळेत कुणी केसांवरून, रंगावरून बोललं तर आई-बापांनी दोघांनी जाऊन शांतपणे गुरुजींना भेटावं. भांडायला नव्हे, लेकराला दिसावं म्हणून की माझे आई-बाप माझ्या पाठीशी आहेत.

शेवटची मागणी या विहारापुढं, आजच्या दिवशी. आपल्या वधू-वर परिचयाच्या फॉर्मवरून "रंग" हा रकाना काढून टाका. शिक्षण लिहा, काम लिहा, व्यसन आहे की नाही ते लिहा. जातीचा रकाना नको म्हणून आपण धम्म घेतला, आणि रंगाचा रकाना आपल्याच हातानं छापतो, हे बरं दिसत नाही. पुढचा मेळावा होईल तेव्हा नवा फॉर्म छापलेला असावा. त्याचा मसुदा आम्ही बाया लिहून देतो, छपाईचा खर्च बंधूंनी करावा.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी एकच काम. घरी जाताना मूर्तीपुढं थांबा, डोक्यावरचे पीळ मोजायचा प्रयत्न करा. मोजता मोजता चुकाल. चुकलात तर पुढच्या रविवारी परत या, पुन्हा मोजू.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!